पठ्ठे बापूराव : एका शाहिराचे जीवन आणि लावणीची चाल

लावणी हा शब्द दिल्लीत उच्चारला की त्याचे दोन निरनिराळे अर्थ संभवतात. हिंदी छंदःशास्त्राच्या अभ्यासकासमोर तीस मात्रांचा, सोळाव्या मात्रेवर यती घेणारा एक छंद उभा राहतो. भारतेंदू हरिश्चंद्रांनी लावण्या रचल्या, आणि बच्चन यांच्या १९३५ सालच्या ‘मधुशाले’ची जातकुळीही छंदःशास्त्री याच घराण्यात लावतात. महाराष्ट्रातून येथे आलेल्या माणसाला मात्र त्याच शब्दासरशी ढोलकी, घुंगरांचे चाळ आणि नऊवारी लुगडे नेसलेली नर्तकी आठवते. एकाच्या ध्यानी शब्दांचे माप आहे, दुसऱ्याच्या ध्यानी पावलांचे. या दोहोंना जोडणारी वस्तू म्हणजे चाल. वाङ्मयेतिहासाने शब्द जपले, नृत्याच्या समीक्षेने पदन्यास जपला. चाल मात्र गळ्यागळ्यांतून गेली आणि ती घडविणाऱ्यांची नावे बहुधा मागे राहिली. लावणीच्या अखेरच्या मोठ्या शाहिराचे, पठ्ठे बापूरावांचे, जीवन या बाजूने पाहिले तर त्यात एक पेच दिसतो. तोच येथे मांडावयाचा आहे.

बापूरावांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. जन्म ११ नोव्हेंबर १८६६, वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या कृष्णाकाठच्या गावी. तेव्हा हा तालुका सातारा जिल्ह्यात मोडत असे, आज तो सांगलीत आहे. घर ब्राह्मणाचे, वतन कुलकर्ण्याचे. म्हणजे गावचे दप्तर हाती असलेले घर. औंध संस्थानाच्या आश्रयाने त्यांना काही इंग्रजी शिक्षणही मिळाले. पुढे आईबापांचे छत्र हरपले आणि शिक्षण अर्धवट टाकून ते गावी परतले. लिहिता येणारा, हिशेब जाणणारा आणि पोथीपुराणांशी परिचित असलेला हा तरुण गावातील तमासगिरांसाठी कवने रचू लागला, तेथून त्यांच्या शाहिरीला आरंभ झाला.

ज्या मुलुखात हे घडले त्याचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. कृष्णा-वारणेच्या या पट्ट्यात तमाशाचे बी फार खोल रुजलेले होते. तमाशातील वग या नाट्यप्रकाराचा आरंभ ज्या रचनेपासून मानण्याचा प्रघात आहे, ती ‘मोहना–छेलबटाऊ’ १८६५ ची, म्हणजे बापूरावांच्या जन्माच्या आदल्या वर्षीची. तिचे कर्ते सावळजचे मांग शाहीर उमा बाबाजी. हे सावळजही याच परिसरातले. फड चालविणारे, ढोलकी-हलगी वाजविणारे, नाचणारे आणि गाणारे हे प्रायः महार, मांग व कोल्हाटी समाजांतील लोक होते. गावाच्या जत्रेत त्यांचा तमाशा होई, आणि गावाच्या वेशीत त्यांना जागा नसे. सवर्ण वस्तीतून तमाशाला प्रेक्षक जात, क्वचित कवीही जात. पण कवी गेला तर तो शब्द देऊन परत यावा, अशी अपेक्षा असे.

या अपेक्षेला पूर्वपरंपरा होती. उत्तर पेशवाईतील सोलापूरचे राम जोशी आणि संगमनेरचे अनंत फंदी हे दोघेही ब्राह्मण शाहीर. दोघांनी तमाशासाठी रचना केल्या आणि उत्तर आयुष्यात दोघेही कीर्तनाकडे वळले. फंदींचे मन अहिल्याबाई होळकरांनी पालटले अशी आख्यायिका आहे. राम जोशींच्या बाबतीत मोरोपंतांच्या स्नेहाचा उल्लेख केला जातो. तपशील कसेही असोत, या कथांची घडण सारखीच आहे : बिघडलेला विद्वान अखेर सुधारला. मराठी वाङ्मयेतिहासाने या दोघांना सामावून घेतले याचे एक कारण या परतीत आहे असे मला वाटते. बापूराव परतले नाहीत. जातीने दूर केल्यावर त्यांनी घर, वतन आणि मान मागे टाकला. फडात राहिले, फडातलेच अन्न खाल्ले आणि पुढे स्वतःचा फड उभा केला. ‘पठ्ठा’ म्हणजे तालमीतला शागीर्द, गुरूचा तयार गडी. कुलकर्णी या आडनावाच्या जागी त्यांनी हा शब्द आपल्या नावाशी जोडला आणि लावणीच्या शेवटच्या चौकात तीच नाममुद्रा घातली.

फडात आल्यावर त्यांना जे मिळाले ते कोणते? शब्द त्यांच्यापाशी होते. चाली फडात होत्या. जुन्या लावणीसंग्रहांत व कीर्तनाच्या बाडांत प्रत्येक पदावर ‘चाल’ असे लिहून पुढे एखाद्या परिचित लावणीचे आरंभीचे शब्द दिलेले आढळतात. हीच त्या काळची स्वरलिपी. ज्याला ती मूळ लावणी येते त्याच्यासाठी ती पुरेशी असते. ज्याला येत नाही त्याला तिचा उपयोग नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) या नाटकांतील पदांनाही अशाच तयार चाली लाभल्या. त्यांत लावणीच्या होत्या, साकी-दिंडीच्या होत्या आणि कानडी मुलुखातून आलेल्याही होत्या. संगीत नाटक प्रतिष्ठित झाले. ज्या फडांतून त्या चाली उचलल्या गेल्या ते फड आणि त्यांतील गळे अनामच राहिले.

चालीचे अंतरंग थोडे उलगडून पाहावे लागेल. माधव जूलियन यांनी ‘छंदोरचने’त मात्रांच्या आवर्तनांवरून मराठी जातिरचनांचे वर्गीकरण केले, त्यांत आठ मात्रांच्या आवर्तनाच्या रचनांना पद्मावर्तनी आणि सहा मात्रांच्या रचनांना भृंगावर्तनी म्हटले आहे. लावणीचा मोठा भाग पद्मावर्तनी आहे. आता हिंदीतील तीस मात्रांची लावणी या मापाने मोजून पाहावी. सोळा आणि चौदा मिळून तीस. पण आठाची चार आवर्तने म्हणजे बत्तीस. दोन मात्रा उरतात. कागदावर त्या रिकाम्या आहेत, गाण्यात त्या कधीच रिकाम्या नसतात. मराठी फडात ओळीच्या टोकाला मुख्य गायक श्वास घेतो तेव्हा तुणतुण्यावर साथ करणारा सुरत्या व त्याचे जोडीदार झील ओढतात, आणि ढोलकीवाला तेथे तुकडा टाकतो. नर्तकीचे पाऊल नेमके त्या जागी जोरात पडते. कर्नाटकातील लावणी गायकांच्या ‘गीगी’ पदांना नावच मुळी पाठीमागच्या गायकांच्या पालुपदावरून पडले. उत्तरेत ही जागा चंगाच्या थापेने भरतात. सगळ्याच मराठी लावण्या तीस मात्रांच्या नाहीत, हे खरे; ओळींची लांबी पुष्कळ बदलते. परंतु शब्द संपल्यावर उरणारी ही जागा बहुतेक सर्वत्र आहे. चालीची प्रादेशिक रूपे एकमेकांपासून वेगळी होतात ती मुख्यतः या उरलेल्या जागेत.

कृष्णाकाठच्या फडाची चाल उंच पट्टीची. दूरवर बसलेल्या जत्रेच्या गर्दीपर्यंत आवाज पोचवायचा असल्याने टीपेचा स्वर हा तिचा प्राण. आरंभ संथ आणि शेवटाकडे दुणीत जाणारी लय. हीच लावणी पुण्यामुंबईच्या दिवाणखान्यात बैठकीची झाली तेव्हा ढोलकीच्या जागी तबला आला, गाणारी बसून अदा करू लागली, एकेका शब्दावर ठुमरीसारखा विस्तार होऊ लागला; पाय थांबले आणि नाच डोळ्यांत व हातांत आला. वाईच्या यमुनाबाई वाईकर या बैठकीच्या परंपरेच्या थोर गायिका, २०१२ मध्ये पद्मश्रीने गौरविलेल्या, २०१८ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या गाण्यात ही संथ चाल अलीकडच्या पिढ्यांना ऐकावयास मिळाली. कोकणात शक्ती-तुऱ्याच्या जाखडी नाचात पायांत चाळ बांधलेले पुरुष रिंगण धरतात. तेथे गायक मध्यभागी, आणि चाल वर्तुळाच्या वेगाला बांधलेली. नागपूरकडच्या खडी गंमतीत हिंदीचा शिडकावा होऊन चालीचे वळण आणखी निराळे होते.

ज्या प्रकारच्या लावणीने सर्वांत दूरचा प्रवास केला ती भेदिक लावणी बापूरावांच्याही रचनेत ठळकपणे आहे. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानणार, तुरेवाले शिवाला. रात्रभर सवाल-जवाब, एकाने पुराणातले कूट घालावे आणि दुसऱ्याने त्याच चालीत ते सोडवावे. उत्तर हिंदुस्थानात या पंथाची कथा चंदेरीच्या दरबारात तुरा आणि कलगी मिळविणाऱ्या तुकनगीर व शाह अली या दोन साधुपुरुषांपाशी नेऊन भिडवितात, एक हिंदू आणि एक मुसलमान. राजस्थान व माळव्यात त्याच नावाचे लोकनाट्य आहे; आग्र्याच्या बाजूस ख्यालबाजीचे आखाडे होते. कानडीत हेच दोन पक्ष नागेशी आणि हरदेशी या नावांनी उभे राहतात. तंजावरच्या मराठा राजवटीबरोबर लावणी तमिळ देशात गेली, तेथे मदनाचे दहन झाले की नाही यावर जळालेला पक्ष आणि न जळालेला पक्ष असे दोन तट पडले, आणि भाषा संपूर्ण तमिळ झाल्यावरही वाद्याचे नाव तुणतुण्यावरून आलेलेच राहिले. वाद तोच, वाद्य तेच, भाषा चार. एका भाषेच्या इतिहासात हा विषय मावत नाही, आणि बहुधा म्हणूनच तो प्रत्येक भाषेच्या इतिहासात तळटीप होऊन राहिला आहे.

वाद घालणाऱ्या या लावणीत अट अशी की उत्तर त्याच चालीत द्यावे लागते. चाल मोडली तर उत्तर बरोबर असूनही हार मानली जाई. फडात लेखणी धरणाऱ्यालाही ढोलकीच्या शिस्तीपुढे नमावे लागते, ते यामुळे. बापूरावांच्या रचनांत शब्दांचा जो घाट दिसतो, अनुप्रासांची जी आतषबाजी आहे, ती छापील पानावर काहीशी अतिरेकी वाटते. ढोलकीच्या बोलांवर ती बसवून पाहिली की प्रत्येक अनुप्रास एका थापेवर पडतो हे लक्षात येते. ज्या समीक्षकांनी त्यांना केवळ शब्दचमत्कृतीचा कवी ठरविले, त्यांनी ते केवळ वाचले असावेत.

या चालींना ज्या गळ्याने रूप दिले तो पवळाबाईंचा. पवळाबाई हिवरगावकर (१८७०–१९३९) या संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील महार समाजातील कलावती. त्यांच्या आधीच्या फडांत स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्या करीत असे. तमाशाच्या बोर्डावर स्त्रीने उभे राहून नाव मिळविण्याची परंपरा सामान्यतः पवळाबाईंपासून मोजली जाते. बापूराव आणि पवळा ही जोडी मुंबईत गाजली. ‘मिठाराणी’चा वग, गणगौळणी, झगड्याच्या लावण्या यांची रेलचेल झाली. पिला हाउसच्या परिसरातील थिएटरांत प्रेक्षक कोण, तर सातारा जिल्ह्यातून व कोकणातून गिरण्यांत आलेला कामगार. घाटावरची टीपेची चाल आणि कोकणातल्या रिंगणाचा ठेका यांची गाठ गिरणगावाच्या प्रेक्षकांत पडली. फडाला दोघांनाही रिझवायचे असे, त्यामुळे मुंबईच्या लावणीची लय ठाम, सरळ आणि टाळी घेणारी झाली. पुढे सर्वत्र लावणी म्हणून जी ओळखली गेली तिच्यात या शहरी वळणाचा वाटा मोठा आहे.

ब्राह्मण शाहीर आणि महार नर्तकी यांचे हे साहचर्य त्या काळच्या समाजाला पचले नाही, हे सांगावयास नको. त्यावर नंतरच्या लेखकांनी प्रेमकथेचा रंग चढविला आणि १९५० साली शाहिराच्या नावाचा चित्रपटही निघाला. प्रेमकथेत एक सोय असते : तिच्यात श्रमाचा हिशेब मागता येत नाही. नाममुद्रा बापूरावांची, गळा पवळाबाईंचा, ढोलकी तिसऱ्याच कोणाची. नाव मात्र पहिल्याचे टिकले. बापूरावांनी महार-मांग कलावंतांबरोबर जन्म काढला आणि त्यासाठी मोठी किंमत मोजली, यात शंका नाही. त्या किमतीमुळे ते मोठे ठरतात. पण तशी किंमत जन्मतःच मोजत आलेल्यांची नावे त्यामुळे इतिहासात येत नाहीत.

याच पेचाची एक कथा महाराष्ट्रात सांगितली जाते. १९२७ च्या महाड सत्याग्रहाच्या सुमारास बापूरावांनी आपल्या तमाशाचे उत्पन्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कार्याला देऊ केले, आणि अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळविलेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ते नाकारले, असा तिचा आशय. सांगणारे तिच्यात निरनिराळा तपशील भरतात. बापूरावांच्या बाजूने सांगणारा दुखावलेल्या औदार्याची कथा सांगतो, दुसरा स्वाभिमानाची. दोघांच्याही कथनात एक गोष्ट सारखीच आहे, ती म्हणजे पैसा कोणाच्या पावलांतून आला हा प्रश्न. लावणीविषयीच्या सौंदर्यशास्त्रीय चर्चेत हा प्रश्न क्वचित विचारला गेला. तो तेथेही विचारावा लागेल, कारण चाल ही त्याच पावलांनी घडविलेली आहे. कला श्रेष्ठ होती असे म्हणून शोषणाचा मुद्दा मिटत नाही. उलट, शोषण होते एवढे म्हणून थांबले तर त्या स्त्रियांनी काय निर्माण केले तेही दृष्टीआड होते, आणि हा दुसरा अन्याय सुशिक्षितांच्या हातून अधिक झालेला आहे.

कालांतराने बापूराव व पवळाबाई यांच्यात वितुष्ट आले आणि जोडी फुटली. फडाला ओहोटी लागली. पुढच्या वर्षांत शब्द येतच होते. बापूरावांच्या नावावर दोन लाख लावण्या सांगण्याची प्रथा आहे. साठ वर्षे रोज नऊ लावण्या रचल्या तरच हा हिशेब जमतो; तेव्हा तो भक्तांच्या कौतुकावर सोडून द्यावा. छापून आलेल्या लावण्यांची संख्या त्यामानाने फारच थोडी आहे. पण या अतिशयोक्तीतही चालीचे एक सत्य दडलेले आहे. तयार चालीवर शब्द बसविण्याची सवय हाडीमासी खिळली की उभ्या उभ्या कवन होते, आणि फडातले इतर कवीही त्याच चालीत रचून शेवटी त्यांची मुद्रा घालतात. कोणती लावणी त्यांची आणि कोणती त्यांच्या नावावरची हे शब्दांवरून ठरविणे नेहमीच शक्य होईल असे नाही.

पवळाबाई १९३९ मध्ये गेल्या. बापूरावांचे अखेरचे दिवस पुण्यात, हलाखीत गेले. २२ डिसेंबर १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. ते गेले त्यानंतर थोड्याच वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंधने घातली, आणि शब्द तपासून, अश्लील वाटणारा भाग गाळून खेळाला परवानगी देण्याची पद्धत आली. तपासणाऱ्यांच्या टेबलावर वही येई. चाल येत नसे. त्यामुळे शब्द सोज्ज्वळ झाले आणि चाली जशाच्या तशा राहिल्या, असा चमत्कारिक प्रकार काही काळ घडला. चित्रपटांनी उरलेले काम केले. १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’पासून पडद्यावरच्या लावणीला बहर आला, आणि ठरावीक मिनिटांत संपणारी, वाद्यवृंदाने सजलेली एकच चाल सातारा, रत्नागिरी आणि नागपूर येथे सारखीच ऐकू येऊ लागली. दिल्लीतील समारंभांत जी लावणी सादर होते ती बहुधा हीच असते. तिच्यात झीलकऱ्याची जागा ध्वनिमुद्रित वाद्यमेळाने घेतली आहे.

बापूरावांच्या चालीला खरे उत्तर मिळाले ते त्यांच्याच तालुक्यातून. मुंबईच्या वैभवाचे वर्णन करणारी त्यांची लावणी फार लोकप्रिय झालेली होती : रस्ते, इमारती, बाजार, शहराचा सगळा झगमगाट तिच्यात होता. रेठरे हरणाक्ष ज्या वाळवे तालुक्यात आहे त्याच तालुक्यातील वाटेगावी १९२० साली मांग समाजात जन्मलेले अण्णा भाऊ साठे लहानपणी मुंबईत आले, गिरणीत राबले, आणि कामगारांच्या कलापथकासाठी त्यांनी आपली ‘मुंबईची लावणी’ रचली. शहर तेच, प्रकार तोच. दृष्टी मात्र चाळीच्या खोलीतून आणि भुकेच्या बाजूने. भेदिक परंपरेत वाढलेल्या श्रोत्यांना ही रीत नवी नव्हती. एका शाहिराने सवाल टाकला होता, दुसऱ्या पक्षाचा शाहीर उभा राहून जवाब देत होता, आणि मागे ढोलकी चालूच होती.